रेखानं बंद केलेला माग

विद्याला बघायला निपाणीचे पाहुणे आले, त्या दिवशी तिची थोरली बहीण रेखा आतल्या खोलीत दार लावून पडली होती. तिनं तसं पडून राहावं, हे मी तिला सांगितलं होतं. आजवर कुणापाशी मी हे बोललो नाही. घरात सगळे समजतात की रेखानं ते आपण होऊन ठरवलं.

रेखा माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ गेल्यावर वहिनी आणि दोन्ही मुली वडगावातल्या आमच्या घरातच राहिल्या. मुली मला आप्पा म्हणायच्या. पुढच्या सोप्यात चार यंत्रमाग. मागावरच्या उभ्या धाग्यांचा ताणा संपत आला की त्याच्या टोकांना नव्या ताण्याचे धागे एकेक करून जोडावे लागतात. ते काम रेखाचं. गाठी मारताना तिचं तोंड अखंड चालायचं. मी ओरडलो की म्हणायची, "तोंड बंद ठेवलं तर बोटं झोपत्यात, आप्पा."

तेविसाव्या वर्षी तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधांनी केस गेले, तेव्हा साड्यांचे उरलेले तुकडे ती डोक्याला बांधू लागली. दवाखान्यात जाताना विचारायची, "आज डॉक्टर कोण? नवे असतील तर जरीचा बांधतो." आमच्याकडच्या मुली 'बांधतो'च म्हणतात. पुढे औषध लागू पडेना. डॉक्टर मला खुणेनं बाहेर बोलवू लागले, तर ही खाटेवरून म्हणाली, "सर, हितंच बोला. किती दिस ऱ्हायल्यात ते नको. कसं जातील तेवढं सांगा." त्यांनी सांगितलं. दुखणं वाढेल, दम लागेल. तिनं नीट ऐकून घेतलं आणि परतताना रिक्षात मलाच म्हणाली, "तुमी कशाला रडताय? खासबागेत थांबवा, भजी घिऊया." तिला दोनच गेली. उरलेली मला खायला लावली.

त्याच सुमारास निपाणीचं स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. घरात असलं दुखणं आहे म्हटल्यावर मुलगी कोण करून घेणार, या भीतीनं मला घेरलं. वहिनी देवळात गेल्याचं बघून मी रेखापाशी बसलो. "तू तेवढा वेळ आत पड. मी तुझं नाव काढत न्हाय."

"म्हंजे मी न्हायच म्हणून सांगणार?"

मी खाली बघितलं. "बरं," म्हणाली. वहिनींना मी सांगितलं, रेखाच म्हणतीया, बाहेर येत न्हाय.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. तिचा खोकला ऐकू जाईल म्हणून मी आतल्या दाराजवळचा माग चालूच ठेवला. विणकराच्या घरात पाहुणा उंबऱ्यात आला की माग थांबतो. आलेली माणसंही विणकरच. मुलाची आई म्हणाली, "दादा, माग बंद करा की. बोललेलं ऐकू येईना." मी अर्जंट ऑर्डर आहे असं काहीतरी पुटपुटलो. "मुली किती?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "ही एकच."

तेवढ्यात माग थांबला. बटणापाशी रेखा उभी होती, एक हात भिंतीला, डोक्याला जरीचा निळा तुकडा.

"मी रेखा. विद्याची थोरली भन. मला रक्ताचा कॅन्सर हाय, मी लई दिस न्हाय. तुमी डॉक्टरला काय इचारायचं ते इचारा. पर मला गाळून सोयरीक करू नका. उद्या ही सासरी रडाय लागली, तर कुणासाठी रडती म्हणून सांगंल?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. तेव्हा तीच म्हणाली, "आप्पांचा दोष न्हाय. मीच आत ऱ्हातो म्हटलंतं. मग मन बदललं."

पाहुणे चहा घेऊन गेले. बरेच दिवस निरोप नाही. वहिनी तिला टाकून बोलल्या, "आत ऱ्हातो म्हणालीस, आन् ऐन वक्ताला बाहेर आलीस. भनीचं वाटोळं करून जातीस व्हय गं?" मी तिथंच होतो. एका वाक्याचं काम होतं. मी बोललो नाही, आणि रेखाही बोलली नाही. वहिनी उठून गेल्यावर हळूच म्हणाली, "तुमाला आईसंगं हितं ऱ्हायाचं हाय, आप्पा. माझं काय, मी जाणार."

मग एका दुपारी मुलाची आई एकटीच आली. सरळ रेखाच्या खाटेवर बसली. "त्या दिशी आमच्यातलं एक माणूस कचरलं, खोटं सांगत न्हाय. पर खरं बोलणारं घर गावलंय, ते सोडू कशाला? साखरपुडा लौकर करू. तू बसशील न्हवं पुढं?"

"बसतो की. पर जेवल्याबिगर उठवू नका."

बसली. जेवली मात्र घासभरच. लग्न तिनं बघितलं नाही.

आज निपाणीच्या त्या घरात तिचा फोटो आहे. विद्या मनात आलं की तिच्यासाठी रडते, आणि कुणासाठी म्हणून तिला कुणी विचारत नाही. माझ्या हातून जे कधी झालं नसतं, ते त्या पोरीनं धापा टाकत, भिंतीला धरून केलं, आणि वर मलाही झाकून घेतलं. तिचे उपकार मी रोज आठवतो.

वहिनी अजून म्हणतात, "गुणाची पोर, पर दिल्या शब्दाला जागली न्हाय." तो शब्द मी मागितला होता, हे त्यांना सांगणं माझ्याकडून राहिलं आहे.