डिग्रीदादाचा हात

माझा थोरला भाऊ सातवी नापास, आणि हॉलवर सगळे त्याला डिग्रीदादा म्हणतात. हे नाव ग्लास पुसणाऱ्या बाईंनी पाडलं. फेसवाली वाईन वाढायची असली की दादाचा एकच धोशा असायचा, "सहा ते आठ डिग्री. पाच नको, नऊ नको." आमचा हॉल समारंभांचा. दादा तिथे तीस वर्षं वाढपी आहे आणि मी चार वर्षं मॅनेजर. त्याच्याच शब्दावर मला घेतलं. चारचौघांत तो मला साहेब म्हणतो, आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याकडून कुणाच्या फार अपेक्षा राहणार नाहीत.

दादाची पद्धत ठरलेली. नुसत्या बर्फात बाटली ठेवलेली दिसली की त्याचं डोकं फिरायचं. "खड्यांच्या मधे हवा असते रे, हवेनं काय गार होणार? पाणी घाल." टबात अर्धा बर्फ, अर्धं पाणी, वर मूठभर मीठ. त्यात गळ्यापर्यंत बुडवून बाटली अर्धा तास ठेवायची. मग तो उजव्या हाताची मागची बाजू बाटलीच्या खांद्याला लावायचा, क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, "झाली." मी हौसेनं थर्मामीटर आणला, तर त्यानं तो खणात टाकला. "हा बाटली उघडल्यावर सांगणार. मला आधी कळायला हवं." मी दोन-तीनदा त्याच्या नकळत ग्लासात थर्मामीटर बुडवून पाहिला. दरवेळी सात. उघडतानाही तो बूच घट्ट धरून खालून बाटली फिरवायचा, आणि आवाज यायचा तो नुसता कुणी सुस्कारा टाकल्यासारखा.

त्या हाताशी माझी ओळख हॉलच्याही आधीची. आई पहाटे कामावर जायची, त्यामुळे मला अंघोळ दादाच घालायचा. हाताची तीच बाजू बादलीत बुडवून तो म्हणायचा, "थांब, अजून कढत आहे." मला कधी एकदाही पोळलं नाही.

त्या दिवशी दुपारी एका कंपनीच्या बड्या साहेबांचा निवृत्तीचा कार्यक्रम होता. दादानं पहिल्या फेरीच्या बाटल्या सकाळीच लावल्या. दुसऱ्या फेरीची दोन खोकी टबाजवळ पोचवायचं काम माझं होतं. मी फोनवर बोलत बसलो आणि विसरलो. आठवलं तेव्हा खोकी स्वयंपाकघरात भट्टीला टेकून उभी होती आणि बाटल्या चक्क कोमट झाल्या होत्या. भाषणाला वीस मिनिटं उरली होती. दादाला सांगितलं असतं तर त्यानं साफ सांगितलं असतं, "नाही जमणार, भाषण पुढे ढकला." मग मला पाहुण्यांसमोर जाऊन माफी मागावी लागली असती. तेवढं टाळायला मी बाटल्या फ्रीजरमध्ये कोंबल्या, पंधरा मिनिटांनी काढल्या आणि दादा टेबलं बघायला गेला होता तेवढ्यात गुपचूप त्याच्या टबात ठेवल्या.

दादा आला. पहिल्या फेरीतल्याच उरलेल्या, असं समजून त्यानं हात लावला आणि म्हणाला, "झाल्या." मी तिथेच उभा होतो. बोलायला तोंड होतं, वेळ होता. मी टायची गाठ नीट करत राहिलो.

दादानं साहेबांच्या टेबलाशी जाऊन बुचावरची तारेची जाळी सैल केली मात्र, आणि बूच हातातून सुटून फाट्कन छताला लागलं. फेस उसळला तो थेट साहेबांच्या हातातल्या कागदांवर. चार पानांचं भाषण, शाईच्या पेनानं लिहिलेलं. पहिल्या पानावरची शाई बघता बघता ओघळली. साहेबांनी कागद झटकले, वाचायचा प्रयत्न केला, "सगळ्यांचे आभार" एवढंच म्हणाले आणि खाली बसले. त्यांचा मुलगा ताडकन उठला. "हे असं वाढतात तुमच्याकडे?"

आणि मी, हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "माफ करा. वय झालंय त्यांचं. हाताला कळत नाही आता."

दादानं माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे पाहिलं. "चूक माझी आहे साहेब," तो म्हणाला आणि खाली वाकून फरशी पुसायला लागला. माझं तोंड काळं झालं होतं, पण ते फक्त मलाच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं खणातून थर्मामीटर काढला. प्रत्येक टबातली एक बाटली उघडून मोजायचा, आणि आकडा बरोबर आला तरी ग्लास पुसणाऱ्या बाईंना विचारायचा, "सातच दिसतंय ना तुम्हाला?" पुढे म्हणाला, "साहेब, मला नुसतं पाणी वाढायला ठेवा." मी मान डोलावली. तेव्हाही बोललो नाही. रोज ठरवायचो आणि रोज कच खायचो.

दोन आठवड्यांनी सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. दादा मोरीत नातीला अंघोळ घालत होता. त्यानं बादलीत हात बुडवला, काढला, पुन्हा बुडवला. मग हाक मारली, "अगं, जरा येतेस? पाणी बेताचं आहे का बघ."

वहिनी कणकेचे हात घेऊन आली. "बघा भावजी, रोजचं झालंय हे. स्वतःच्या हातावर भरवसाच राहिला नाही यांचा. हॉलवर काय झालं हो?"

मी दारातच उभा राहून बोललो. "दादा, तुझा हात चुकला नव्हता. ती खोकी माझ्यामुळे भट्टीजवळ राहिली. मी बाटल्या फ्रीजरमध्ये घातल्या आणि तुला न सांगता टबात ठेवल्या. वरून काच गार झाली होती, आतली वाईन गरमच होती, म्हणून उसळली."

दादानं वर पाहिलं. "म्हणजे काच गारच होती?"

"होती."

"अगं, ऐकलंस का! काच गारच होती! बरोबर कळलं होतं मला!" तो ओल्या हातानं मांडीवर थापट्या मारत हसायला लागला. नातही काही न कळता हसली. माझ्यावर रागवायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. त्यानं एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं बादलीत हात घातला. "कढत आहे. दोन तांबे गार पाणी ओत." मी ओतलं. मग नातीच्या पाठीला साबण लावत, मान वर न करता तो म्हणाला, "हे तू मला मोरीत सांगतोयस. तिथे किती माणसं होती रे?"

त्या संध्याकाळी मी निवृत्त साहेबांना फोन केला. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाआधी हॉलवरच्या सगळ्यांना पॅन्ट्रीत बोलावलं. वाढपी, आचारी, ग्लास पुसणाऱ्या बाई, सगळे आले. "त्या दिवशी मी म्हणालो होतो की दादाच्या हाताला कळत नाही," इथपर्यंत बोललो आणि हात टायच्या गाठीकडे गेला. बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. दादा माझ्याकडे पाठ करून टबापाशी उभा होता, हात एका बाटलीच्या खांद्यावर. तो वळला नाही.

"बोल लवकर," तो म्हणाला. "सात झालीय. अजून थांबलास तर जास्त गार होईल."