बारा ओळींत कापलेला नवरा

"साहेब, मी जिवंत आहो. मंग तुमच्या पेपरात काहून नाही?"

ऑफिसच्या रिसेप्शनवर वसंतराव उभे होते. वाडीच्या एका गोदामात काम करणारे. हातात आमचीच रविवार पुरवणी. मी तिथला उपसंपादक. मजकूर जागेत बसवायचा आणि हेडिंग द्यायचं, हे माझं काम.

त्यांची बायको सुनंदाताई धंतोलीच्या एका हॉस्पिटलात आया. पेशंटचे नातेवाईक गावाहून कसले कसले डबे आणतात, यावर त्या मोबाइलवर ब्लॉग लिहितात. आमच्या रिपोर्टरनं त्यांच्यावर छान लिहिलं होतं. ऐनवेळी जाहिरात आली आणि बारा ओळी कापाव्या लागल्या. आमच्याकडे मजकूर खालून कापतात. महत्त्वाचं ते वर असतं, असं आम्ही धरून चालतो. वसंतराव शेवटच्या परिच्छेदात होते. उरली ती बसमध्ये मोबाइलवर लिहीत बसलेली एक बाई. घर भरलेलं असताना कुणी ब्लॉग कशाला लिहील, असं मला वाटलं असावं. हेडिंग दिलं, 'एकटेपणाला ब्लॉगची सोबत'. वर स्वतःवर खूशही झालो.

"लोकं तिले विचारून राहिले, नवरा कधी गेला म्हणून," वसंतराव म्हणाले. "ब्लॉगवरही 'बिचारी, बिचारी'. तिनं लिहिणंच बंद केलं. फोटो मी काढतो, सगळ्यात पहिले मीच वाचतो. आता मी काय वाचू?"

मला फार वाईट वाटलं. तडक संपादकांकडे गेलो.

"खुलासा टाका. पान पाच, दोन ओळी."

"दोन ओळींत नवरा बसत नाही, सर."

ते हसले. "मग दोघांचा फोटो लावा."

पुढच्या रविवारी तीन कॉलम फोटो छापला. सुनंदाताई जवसाची चटणी घेऊन स्वतः आल्या. मी टेबलावर डबा खात होतो.

"भाजी कायची आहे जी?"

"वांग्याची," मी म्हणालो.

दोन दिवसांनी ब्लॉग पुन्हा सुरू झाला. पहिलीच पोस्ट माझ्यावर. पेपरातले एक साहेब, थंडगार वांग्याची भाजी, शेजारी बोलायला कोणी नाही. खाली वाचकांचे 'बिचारे, बिचारे'.

घरी बायकोनं मोबाइल पुढ्यात धरला. "ही भाजी सकाळी कोनं करून देल्ली? मी कुठी गेली यात?"

मी सुनंदाताईंना फोन केला आणि खुलासा मागितला.

"टाकते जी," त्या म्हणाल्या. "दोन ओळी."

आता कात्री लावण्याआधी मी शेवटचा परिच्छेद वाचतो. घरचं माणूस बहुतेक तिथंच असतं.