घरातून बाहेर काय गेलं?

ती सकाळ आठवली की मला आधी राग येतो आणि मग हसू.

वसईतल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. ठाणे अंमलदार डायरीतली नोंद पुरी करून समोर आला. म्हणाला, "साहेब, सोन्याच्या प्रकरणात टीप आहे. निनावी फोन होता. चोर कोण ते कळायला म्हणे इथल्या स्थानिक मासिकाचा या महिन्याचा अंक वाचा."

प्रकरण आदल्याच दिवशी दाखल झालं होतं. किनाऱ्यावरच्या एका कोळी घरात नातवाचं लग्न ठरलं होतं. आजीच्या पाटल्या आणि हार नव्या नातसुनेला घालायचा म्हणून कपाट उघडलं, तर डबी रिकामी. कुलूप शाबूत, किल्ली जागेवर. आजीला काही महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन वाचा गेली होती. तिच्या सेवेला गोखिवऱ्याच्या चाळीत राहणारी एक सोलापूरकडची बाई ठेवली होती. फिर्याद देताना आजीच्या सुनेने साहजिकच तिच्याकडे बोट दाखवलं. "ती आली नि सोनं गेलं. दुसरा कोन हाय घरात?"

मासिक मागवलं. जवळच्या वटार गावच्या एक निवृत्त शिक्षिका त्यात रहस्यकथांची मालिका लिहीत. खून नाही, रक्त नाही. कोंबडी हरवते, अंगठी हरवते आणि हिरूमावशी नावाची मासे विकणारी बाई डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरता फिरता गुन्हा उकलते. त्या महिन्याच्या भागात एका आजारी म्हातारीचे दागिने नाहीसे झाले होते आणि सगळा संशय होता तिची सेवा करणाऱ्या बाईवर. खाली लिहिलं होतं, उर्वरित पुढील अंकी.

गावाला तेवढं पुरलं. छापलेलं म्हणजे खरंच, हा आपल्या लोकांचा जुना रोग. दुकानदाराने त्या बाईला दारात उभं केलं नाही. आजीचं करायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून घरात ठेवलं, पण चुलीजवळ यायची बंदी झाली. तिच्या हातचं पाणीही कोणी घेईना.

महिला अंमलदारासमोर मी तिचा जबाब घेतला. ती रडली नाही, चिडली. "साहेब, मी त्यांची लघवी काढते, केस विंचरते. मला चोरीच करायची असती तर पहिल्याच महिन्यात केली असती. आता मला दुसरं घर कोण देणार? माझ्या लेकीची शाळा हाय." पंचांसमक्ष खोलीची झडती घेतली. काही मिळालं नाही. खरा चोर सहसा फार अदबीने बोलतो, हा माझा अनुभव. पण अनुभव कोर्टात चालत नाही. दिवस मावळायच्या आत मी तिला घरी पाठवलं. सून मात्र अटकेसाठी हटून बसली होती.

दुसऱ्या दिवशी लेखिकेला बोलावलं. बाई घाबरल्या होत्या, पण घाबरल्या होत्या त्या वेगळ्याच कारणाने.

"साहेब, त्या म्हातारीला मी कितीतरी वर्षं ओळखते. माझ्या दारात मासे घेऊन यायची. माझी हिरूमावशी म्हणजे तीच. ती आजारी पडली म्हणून कथेतही आजारी म्हातारी आली. दागिन्यांचं मात्र मी मनानेच रचलं, तिच्या घरचं मला काही ठाऊक नव्हतं. सेवेकरी बाई चोर नाहीच हो! वाचकाला चकवायला उभी केली होती. पुढच्या भागात सोडवणार होते."

माझा पारा चढला. "बाई, तुमचा पुढचा भाग महिन्याने येणार. तिचा संसार आज मोडतोय."

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, "एक सांगू? तुम्ही पोलीस विचारता, घरात कोण आलं. माझी मावशी आधी विचारते, घरातून बाहेर काय गेलं."

रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी मला तपास शिकवावा, हे पचायला जड गेलं. तरी जीप काढली आणि बाईंना सोबत घेतलं.

कोळीवाड्यात पोहोचलो. सुनेला तेच विचारलं. ती आठवून सांगू लागली. लग्नासाठी घर रंगवलं, तेव्हा रंगाऱ्यांची रिकामी पिंपं गेली. जुना पंखा भंगारात गेला. मी एकेक वस्तू मोठ्याने म्हणत होतो, आणि नजर आजीच्या खाटेवर होती. घरात कोणी तिला काही विचारतच नव्हतं. वाचा गेली म्हणजे अक्कलही गेली, असं सगळ्यांनी धरलं होतं.

"आनि पावसाआधी सुक्या बोंबलांचा वानवळा धाडला, दरवर्षासारखा," सून म्हणाली. "सासूनं माळ्यावर डबे भरून ठेवले व्हते, तेच दिले."

"सुके बोंबील?" मी म्हणालो.

आजीने चांगल्या हाताने खाटेची कड बडवली. मग पाची बोटं जुळवून तोंडाकडे नेली. "असंच करतात सारख्या," सेवेकरी बाई दारातूनच म्हणाली. "मी भात भरवते तर ढकलून देतात."

ती भूक नव्हती, जबाब होता. घरात रंगारी वावरत होते म्हणून म्हातारीने सोनं कपाटातून काढून बोंबलांच्या डब्यात दडवलं होतं. त्या वासात परका माणूस हात घालत नाही. कोणाला सांगायच्या आत तिला झटका आला, आणि सुनेने डबे न उघडताच वाटून टाकले.

"कोणाकोणाला दिले?" मी विचारलं.

"माज्या माहेरी, नंदेकडं... त्यांनी तर कवाच खाल्ले. आनि एक या बाईंना."

लेखिका पुढे झाल्या. "मला रक्तदाब आहे. डॉक्टरांनी खारं बंद केलंय. डबा तसाच आहे."

वटारला त्यांच्या स्वयंपाकघरात पंचनामा केला. बोंबलांच्या तळाशी फडक्यात बांधलेल्या पाटल्या, हार, सगळं जसंच्या तसं. गुप्तहेराच्या जन्मदात्रीच्या फळीवरच मुद्देमाल! मी पोट धरून हसलो, आणि हसता हसता लक्षात आलं की गेले दोन दिवस माझ्याही छातीवर धोंडा होता.

दागिने ओळख पटवायला आजीसमोर ठेवले. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डब्यातला एक बोंबील उचलून हुंगला, सेवेकरी बाईचं मनगट धरलं आणि पुन्हा पाची बोटं तोंडाकडे नेली. आता मात्र खरंच भूक होती.

सून मग चुलीपासून बाजूला झाली. "जा बाय, भाज तूच. माजं चुकलं."

प्रकरण दप्तरी बंद झालं. लेखिकेने पुढच्या भागात सेवेकरी बाईला सोडवलं, आणि मला एक ढेरपोट्या फौजदार करून टाकलं. त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. पण पुढच्या साऱ्या नोकरीत मी माणसावर बोट ठेवण्याआधी बाईंचा तो प्रश्न विचारत राहिलो, आणि जो बोलू शकत नाही त्याला आधी विचारायला शिकलो.

तपास चालू असलेल्या घरी खाऊ नये, हा माझा नियम. त्या दिवशी मोडला. संशयित म्हणून जिचा जबाब मी लिहिला होता, तिने भाजलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी पुढे केली. सगळ्या घरादेखत मी मुद्दाम दोनदा मागून घेतली.