वरून खाली रंगवलेली वाट

पेंटरला त्याच्या नावाने कुणी हाक मारल्याचं कुणालाच आठवत नाही. बायको ‘अहो’ म्हणते, मुलगा ‘बाबा’ म्हणतो आणि बाकी सारं गाव ‘पेंटर’. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या एके काळी त्याच्या हातच्या होत्या. पुढे छापील फलक आले, सकाळी सांगितले की संध्याकाळी तयार, आणि पेंटरकडे गाड्यांचे नंबर रंगवण्यापुरतं काम उरलं. तरी दुकान उघडून ब्रश तो रोज धुवायचा. देवापुढचा दिवा जसा गिऱ्हाईक बघून लावत नाहीत, तसं.

शेवटी मुलाने गाळ्याला भाडेकरू पाहिला. “बाबा, पुरे आता. आराम करा,” म्हणाला. नेमकं त्याच आठवड्यात वनखात्याच्या मॅडमनी पेंटरला बोलावलं. गावामागच्या टेकडीवरच्या जंगलातली पायवाट लोकांना फिरायला खुली करायची होती. दगडांवर बाण काढायचे, वळणावळणाला पाट्या लावायच्या. काम पसंत पडलं तर आणखी तीन वाटा त्यालाच मिळणार होत्या.

“एवढं एक करू दे,” तो मुलाला म्हणाला. “मॅडमना नाही आवडलं, तर सोमवारी गाळ्याची किल्ली तुझ्या हातात. चकार शब्द काढणार नाही.”

पहिल्या दिवशी खात्याच्या जीपने त्याला डबे-ब्रशांसकट थेट माथ्यावर, पाण्याच्या टाकीपाशी सोडलं. तिथूनच त्याने सुरुवात केली. त्यात त्याला वेगळं काही वाटलं नाही. रंगकाम नेहमी वरून खाली करायचं, नाहीतर वरचे ओघळ खालच्या अक्षरांवर येतात. भिंत असो की शटर, आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. टेकडीही त्याने तशीच हाती घेतली.

चार दिवस तो एकेक दगड रंगवत उतरत होता. झाडांना नुकती पालवी फुटली होती. कुठे तांबूस, कुठे पोपटी, कुठे लहान बाळाच्या तळव्यासारखी गुलाबी. इतक्या छटा त्याच्या डब्यांतून कधी निघाल्या नव्हत्या. ज्याने त्या कालवल्या त्याला मनोमन हात जोडायचा आणि पुढचा बाण काढायचा. चौथ्या दिवशी खालच्या फाटकाशी पोचून त्याने शेवटची मोठी पाटी लिहिली आणि तिच्यावर चादर टाकून ठेवली.

रविवारी सकाळी फाटकापाशी तीसेक माणसं जमली. पेंटरची बायको नव्या चपला घालून आली होती. निवृत्त पोस्टमास्तर काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे उभे होते. मॅडमनी चादर ओढली. पाटीवर सुबक निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘पायवाट संपली. आपण आलात, आनंद वाटला. सावकाश घरी जा.’

जमलेल्यांनी पाटी दोनदा वाचली.

“छान,” पोस्टमास्तर म्हणाले. “चढ अजिबात जाणवला नाही.”

सगळे हसले, मॅडम सोडून. त्या फाटकातून आत गेल्या. पहिल्या दगडावरचा बाण सरळ त्यांच्याच पायांकडे वळलेला होता. दुसऱ्यावरचाही तसाच.

“पेंटर, हे काय?”

पेंटरची कानशिलं तापली. झालं काय ते त्याला एका क्षणात कळलं. जीपवाल्याने वर सोडलं म्हणून असं झालं, हे अगदी जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

“माझी चूक. मी वरून खाली रंगवत आलो. माणसं खालून येणार, हे डोक्यातच आलं नाही.”

“सगळे बाण असेच?”

“एकूण एक.”

आता किल्ली द्यायचीच, असं मनाशी म्हणत तो मान खाली घालून उभा राहिला. तेवढ्यात बायको पुढे झाली.

“मॅडम, ह्यांची बाजू घेत नाही मी. घरीही हे पिशवी उलटी करून मग भाजी शोधतात. पण बाण चुकलेले नाहीत हो, आपणच चुकीच्या टोकाला उभे आहोत. गाडीरस्त्याने वर जाऊ नि बाण बघत उतरू.”

मॅडमनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग जमलेल्या माणसांकडे. “चला. पण पेंटर, एवढ्याने काम पसंत झालं असं समजू नका.”

डांबरी रस्त्याने अर्ध्या तासात सगळे टाकीपाशी पोचले. पेंटर सर्वांत मागे होता. माथ्यावरची पहिली पाटी म्हणत होती, ‘या. घाई नाही.’

दुसऱ्या वळणावर ‘इथे समोर पाहा’ असं लिहिलं होतं. समोर अख्खी दरी कोवळ्या पालवीने भरून आली होती. खालून चढून आलं असतं तर त्याच जागी समोर नुसता कातळ दिसला असता. पोस्टमास्तर बराच वेळ काठीवर रेलून दरी बघत उभे राहिले.

पुढे गुडघ्याएवढ्या उंचीवर एक इवलीशी पाटी होती: ‘खाली वाका.’ एकामागून एक सगळी माणसं उकिडवी बसली. दगडाच्या सांदीत मोहरीएवढी निळी फुलं होती, शेकड्यांनी. सगळ्यांत शेवटी उठल्या त्या मॅडम. गुडघ्यांना माती लागली होती, ती त्यांनी झटकलीही नाही.

“ही तुम्हाला कशी दिसली?”

“ब्रश खाली पडला होता,” पेंटर म्हणाला.

तेव्हा मात्र मॅडम मोठ्याने हसल्या, आणि पेंटरला पोटभर श्वास घेता आला. तिथून तो मागे राहिलाच नाही. पुढे होऊन फांद्या बाजूला धरत, ‘जपून, इथे घसरतं’ म्हणत, घरच्या कार्यात यजमानाने पाहुण्यांना न्यावं तसा तो सगळ्यांना खाली घेऊन आला.

फाटकाशी मॅडम थांबल्या. “पाटी राहू दे, बाणही राहू देत. सुरुवात टाकीपासून असं रस्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. आणि बुधवारपासून नदीकाठची वाट घ्या. ती सपाट आहे, वर-खाली काही नाही, म्हणून कुठून सुरू करायची ते आधी मला विचारा.”

मुलगा आईवडिलांना न्यायला स्कूटर घेऊन आला होता. त्याने सगळं ऐकलं.

“बाबा, मग त्या भाडेकरूला काय सांगू?”

“सांग, गाळ्यात माणूस बसतो.”

“आणि बुधवारी तो माणूस नदीवर जाणार,” आई स्कूटरवर बसत म्हणाली, “तेव्हा मीही बरोबर असणार. दरवेळी मॅडमना कशाला त्रास.”