सेलवरचा पंखा

कालव्याच्या मोजणीसाठी उन्हाळ्यात नाचणगावाबाहेर आमचे तंबू पडत. आमच्यातल्या एका कारकुनाकडे सेलवर चालणारा छोटा पंखा होता. दुपारी ते तो तोंडासमोर धरून बसत. कुणी मागितला, की म्हणत, "सेल उतरते नं बाप्पा!" आम्हाला राग यायचा.

एका दुपारी स्वयंपाक करणाऱ्या मावशींना ऊन लागलं. पुलगावच्या डॉक्टरांकडे माणूस धावला. कारकुनांनी मावशींच्या अंगावर ओलं फडकं टाकलं आणि पंखा धरला. सेल संपल्यावर ते टोपीने वारा घालू लागले. "मावशी, डोये उघड नं," एवढंच म्हणत राहिले.

डॉक्टर आले, नाडी पाहून म्हणाले, "गेल्या."

कारकून वारा घालतच होते. शेवटी मी त्यांचा हात धरला.