मुजावर सरांची टार्गेट कार्डं

सर आजारी आहेत हे डॉक्टरांच्या आधी मला कळलं होतं.

आणि तीन रविवार मी गप्प बसले.

काल मुजावर सर गेले. आज दुपारी दफन झालं. मी दिल्लीत, द्वारकेतल्या त्यांच्या घरी काकूंजवळ, म्हणजे सरांच्या बायकोजवळ, बसून होते.

सर मूळचे मिरजेचे. सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर एका बेसमेंटमध्ये एअर पिस्तूलची छोटी रेंज चालवायचे. मी तेव्हा मुनिरकात खोली घेऊन एमए करत होते.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त माझं कागदी टार्गेट कार्ड हातात घेतलं.

"सगळे छर्रे खाली, डावीकडे. ट्रिगर दाबत नाहीस, हिसका देतेस."

बिल्कुल खरं होतं.

मग हळूहळू मलाही कार्ड वाचता यायला लागलं. छिद्रं वरखाली उभ्या रांगेत पडली की श्वास बिघडलाय. एकाच बाजूला गेली की चूकही एकच, ती सापडते.

सगळीकडे विखुरली तर काय, असं मी एकदा विचारलं होतं. सर म्हणाले, आधी पिस्तूल तपासायचं, मग छर्रे. तेही ठीक असेल, तर माणूस.

रविवारी क्लासच्या आधी सर स्वतः दहा शॉट मारायचे. दहाही छिद्रं एका नाण्याखाली झाकली जायची. ती कार्डं गोळा करायचं काम माझं.

मग एका थंडीत सरांची कार्डं बिघडायला लागली. एक छर्रा वर, दोन उजवीकडे, एक पार कडेला. कुठलीच बाजू नाही.

सर म्हणाले, थंडी आहे यार, बोटं आखडतात.

पुढच्या रविवारी त्यांनी छर्र्यांचा नवा डबा उघडला. तेच.

त्याच्या पुढच्या रविवारी पिस्तुलाच्या साइटचा, नेम धरायच्या खाचेचा, स्क्रू फिरवायला लागले. आम्ही तसं केलं की ओरडायचे.

त्या दिवशी माझं पिस्तूल अडकतंय असं खोटं सांगून मी त्यांचं मागून घेतलं. त्याच डब्यातले छर्रे. दहा शॉट.

साइट हलवलेली, म्हणून सगळे जरा उजवीकडे गेले. पण एकत्र. घट्ट.

म्हणजे पिस्तूल ठीक होतं. छर्रेही.

घरी जाताना मेट्रोत दोन्ही कार्डं काढून पुन्हा बघितली. स्टेट टीमची माझी ट्रायल दोन आठवड्यांवर होती. खोटं कशाला बोलू, सरांइतकीच मला माझीही काळजी होती.

चौथ्या रविवारी लवकर गेले. टेबलावर त्यांची तीन कार्डं ओळीने मांडली. शेजारी माझं.

सरांनी चष्मा लावला. चारही कार्डं एकेक करून बघितली.

"हे शेवटचं कुणाचं?"

"माझं, सर. तुमच्या पिस्तुलाने."

मला वाटलं, आता हाकलून देतील. त्यांनी उजवा हात हळूच जॅकेटच्या खिशात घातला.

"कधीपासून बघतेयस?"

"तीन रविवार."

"मग तीन रविवार थांबलीस कशाला?"

मी कार्डं गोळा करायला लागले. काकूंना काही बोलू नकोस, उद्या डॉक्टरकडे जातो, एवढं सांगून ते लाइट लावायला गेले.

पार्किन्सन्स. डॉक्टर म्हणाले, अगदी सुरुवातीला आलात, बरं झालं.

सरांनी पुन्हा पिस्तूल उचललं नाही. माझ्या ट्रायलला मात्र मागे खुर्ची टाकून शेवटच्या शॉटपर्यंत बसले. माझं सिलेक्शन झालं नाही. पुढच्या वर्षी झालं.

त्यानंतरही कितीतरी वर्षं ते शिकवत राहिले. कार्ड हातात थरथरायचं, म्हणून टेबलावर ठेवून डाव्या हाताने दाबून धरायचे आणि वाचायचे. वाचण्यात कधी चुकले नाहीत.

आज काकूंना मी हे सगळं पहिल्यांदा सांगितलं. तीन रविवारांसकट. माफी मागितली.

त्या म्हणाल्या, मला माहीत आहे. त्याच रविवारी घरी आल्या आल्या सगळं सांगून टाकलं होतं त्यांनी.

"रडले थोडे. मग म्हणाले, पोरगी घाबरली होती गं. तरी बोलली."

सर, खुदा हाफिज.