गणपती बसले, तरी गाडी रिकामीच

गेल्या वर्षी आमच्या कॉलनीचा गणपती जोह्याहून रोह्याला आला तो मोडलेला अंगठा चिकटवून. आरती संपेपर्यंत मी गप्प होते, नंतर नव्हते. यंदा समिती म्हणाली, "मग बाई, तुम्हीच जा आणायला." गेले.

गाडी नितीनची, दीड टनी पिकअप. जोह्याच्या सुमनताईंच्या कारखान्यातल्या मूर्ती तो दर हंगामात आमच्या बाजूला पोचवतो. गेल्या वर्षी खांब गावाजवळ तीन मूर्तींना तडे गेले, आणि यंदा एक जरी मूर्ती दुखावली तर पुढच्या खेपा दुसऱ्याला, असं ताईंनी त्याला बजावलं होतं. या खेपांवर त्याचा अख्खा पावसाळा निघतो.

सकाळी सहाला निघालो आणि कोलाडला हायवेला लागलो. या हायवेचं काम मी नोकरीत होते तेव्हापासून चालू आहे. मी निवृत्त झाले, काम काही संपत नाही. प्रत्येक खड्ड्याला गाडी मागून उडे आणि माझं डोकं टपाला लागे.

"रिकामी हाय ना मॅडम, म्हणून उडते," नितीन म्हणाला. "गणपती बसले की दबेल."

वडखळला वडापाव आणि चहा घेतला. दोन्ही गरम, तक्रार नाही. एसटीने येणाऱ्यांनी पेणला उतरावं, तिथून जोह्याची गाडी मिळते.

जोह्यात बाहेर भातशेती आणि आत ओळीने गणपती, कच्चे, पांढरे, अर्धे रंगलेले. सुमनताई डोळ्यांची आखणी करत होत्या. श्वास रोखून एक रेघ, मग श्वास.

"बस गो बाय," त्या मान न वळवता म्हणाल्या, "पन बोलू नको."

असं कोणी सांगितलं तर मी ऐकत नाही. तिथे मात्र अर्धा तास तोंड मिटून बसले. मातीच्या गोळ्याला नजर फुटताना मी कधी पाहिली नव्हती.

शाडूच्या नऊ मूर्ती पेंढ्यात बसवल्या, वर प्लास्टिक टाकलं. हौदा काठोकाठ भरला. पेणच्या दिशेने निघालो, तर गाडी सकाळसारखीच उडत होती. मी ती थांबवायला लावली. धाटावच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये माझी तीस वर्षं गेली. मोजल्याशिवाय मी काही मानत नाही.

"नऊ मूर्तींचं मिळून वजन किती?"

"चार मानसांएवढं आसल."

"आणि टायरमध्ये हवा?"

"मागं पासष्ट. माल भरला की पासष्टच मारतात."

"अरे, हौदा भरलाय, गाडी कुठे भरलीय? चार माणसं तिला जाणवणार तरी का?"

दाराच्या चौकटीवर गाडीच्या कंपनीने लावलेला हवेचा तक्ता असतो. नितीनने त्यावर लिंबू-मिरचीचं स्टिकर लावलं होतं. ते मी नखाने खरवडून काढलं. मागच्या चाकांसाठी दोन आकडे होते: पूर्ण भार पासष्ट, रिकामी पंचेचाळीस.

रामवाडीला इस्माईलचाचांचं पंक्चरचं दुकान आहे. मी आधी त्यांच्या मीटरची तपासणी कधी झाली ते विचारलं.

"मीटर माझ्याएवढाच म्हातारा हाय, बाई. म्हणून तर खडू ठेवतो. पयला चाय प्या. टायर गरम हायत, आत्ता हवा सोडायची नाय."

चहा झाल्यावर त्यांनी मागच्या टायरवर या काठापासून त्या काठापर्यंत खडूची जाड रेघ ओढली. नितीनने गाडी सिमेंटच्या कोरड्या जमिनीवर थोडी पुढे घेतली. रेघ मधेच पुसली गेली, दोन्ही काठ तसेच पांढरे.

"बघा. पोटावर चालतोय."

थोडी हवा सोडून पुन्हा रेघ, पुन्हा गाडी पुढे. तिसऱ्यांदा, अठ्ठेचाळीसवर, रेघ सगळीकडे सारखीच पुसट झाली. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे शाळेत सिस्टरांनी आमच्याकडून इंग्रजीत घोकून घेतलं होतं. ते क्षेत्रफळ मी या वयात, उकिडवी बसून, पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

"आनखी सोडू?" नितीन हरखला होता.

"तक्त्याच्या खाली नाय जायचं," चाचा म्हणाले. "आन उद्या सिमेंट भरलंस तर परत पासष्ट."

वाचकांनो, माझा आकडा उचलू नका. आपल्या गाडीचा तक्ता वाचा.

परतीला ताशी तीसच्या वर गेलो नाही. तेच खड्डे, पण आता गाडी उडण्याऐवजी दबून वर येत होती. खांब आलं तसा नितीनने वेग आणखी कमी केला. गाव मागे पडल्यावर म्हणाला, "हितंच तडे गेले होते."

रोह्यात पेंढा काढायला घेतला तेव्हा तो पाठ करून उभा राहिला. "तुमीच बघा मॅडम." मी सोंडा, कान आणि एकेक बोट पाहिलं, नऊच्या नऊ मूर्तींचं. सगळं जागच्या जागी होतं. त्याने सुमनताईंना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "परवा सकाळी ये, लवकर."

संध्याकाळी समितीने विचारलं, मूर्ती जड होती का? दोन माणसांनी धापा टाकत उतरवलेली मूर्ती गाडीच्या हिशेबी काहीच नव्हती. हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही. रस्त्याबद्दलची तक्रार मात्र लिहून पाठवली.

मघाशी नितीन खडू मागायला आला होता. माझ्याकडे नव्हता. गुडघे दुखत होते, तरी चार घरांच्या बेल वाजवून मी तो मिळवला.